सहा व्होल्टची परंपरा : जुन्या मोटारसायकलींची विद्युतव्यवस्था आणि देखभालीचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध आणि संशोधक यांना अग्रस्थान देण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ आहे. यंत्र कोणी निर्माण केले, केव्हा निर्माण केले आणि त्याने कोणते जुने यंत्र मागे टाकले, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की इतिहास पूर्ण झाला असे मानले जाते. परंतु यंत्राचे आयुष्य कारखान्याच्या दारात संपत नाही. ते तेथून सुरू होते. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथातून वापर, दुरुस्ती आणि देखभाल यांना तंत्रज्ञानाच्या इतिहासात मध्यवर्ती स्थान द्यावे, असा आग्रह धरला. या दृष्टीने पाहता जुन्या मोटारसायकलीची विद्युतव्यवस्था हा अभ्यासाचा उत्तम विषय ठरतो.

याचे कारण असे की, मोटारसायकलीचे इंजिन, सांगाडा, टाकी, चाके हे भाग पन्नास-साठ वर्षे टिकू शकतात. बॅटरी मात्र टिकत नाही. झिजणे हाच तिचा धर्म आहे. त्यामुळे आज चालू स्थितीत असलेल्या कोणत्याही जुन्या मोटारसायकलीत मूळ बॅटरी असण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. जी गोष्ट मूळ स्वरूपात राहू शकत नाही तिचे जतन कसे करावयाचे, हा प्रश्न येथे उभा राहतो. बॅटरी आणि तिच्याशी निगडित विद्युतव्यवस्था यांच्या बाबतीत जतन वस्तूचे नसून तिच्या देखभालीच्या ज्ञानाचे करावे लागते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी ब्रिटिश परंपरेतील आणि भारतात तयार झालेल्या मोटारसायकलींचा विचार येथे केला आहे.

ठिणगीचा प्रश्न आणि मॅग्नेटोचे युग

पेट्रोल इंजिनाला योग्य क्षणी ठिणगी हवी असते. १८९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द दियाँ-बूताँ कंपनीच्या तीनचाकीवर ही ठिणगी बॅटरी आणि कॉइल यांच्या साहाय्याने मिळविली जात असे. पण वाहनावर बॅटरी भरून घेण्याची सोय नव्हती. बॅटरी उतरली की प्रवास थांबला, अशी स्थिती होती. शिशाच्या पट्ट्यांची पुनःपुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये सिद्ध केली होती व कामीय फोर याने १८८१ मध्ये तिच्या पट्ट्यांवर लेप देण्याची सुधारित पद्धत आणली होती. तरीही खडबडीत रस्त्यावर धावणाऱ्या हलक्या वाहनाला ती बॅटरी जड व नाजूक ठरत होती.

या अडचणीवर मॅग्नेटो हे उत्तर सापडले. चुंबकाच्या क्षेत्रात तारांचे वेटोळे फिरवून, बॅटरीशिवायच वीज निर्माण करणारे हे साधन रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १८९७ मध्ये द दियाँ-बूताँच्या तीनचाकीसाठी जुळवून घेतले. १९०२ मध्ये त्याच कारखान्यातील गोटलोब होनोल्ड यांनी उच्चदाबाचा मॅग्नेटो तयार केला. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमधील मॅग्नेटोचा पुरवठा प्रामुख्याने जर्मनीवर अवलंबून होता. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच हा पुरवठा तुटला आणि ब्रिटिश उद्योगाला तो घाईने स्वतः उभारावा लागला. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने त्याच वर्षी थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो तयार करणारी कंपनी आपल्याकडे घेतली. पुढील अर्धशतकात ब्रिटिश मोटारसायकलींवर लुकासचे जे वर्चस्व दिसते त्याचे एक मूळ येथे आहे.

या काळात देखभालीच्या दृष्टीने विद्युतव्यवस्था अशी वेगळी नव्हती. दिवा कार्बाइडचा असे. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंबथेंब पाणी पडून निर्माण होणारा ॲसिटिलीन वायू जळत असे. पॉइंट स्वच्छ ठेवणे, त्यांतील फट योग्य राखणे आणि मॅग्नेटो कोरडा ठेवणे एवढेच चालकाचे विद्युतविषयक काम होते. मात्र मॅग्नेटोलाही वार्धक्य येते. आतील वेटोळ्यांवरील लाखेचे आवरण उष्णतेने मऊ होते, कंडेन्सर निकामी होतो. थंड असताना उत्तम चालणारे इंजिन तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा सुरू होते, या जुन्या मोटारसायकलींच्या परिचित तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

डायनॅमो व बॅटरी : नव्या जबाबदारीचा प्रारंभ

विजेचे दिवे आले आणि बॅटरी परत आली. १९१४ मध्ये अमेरिकेतील इंडियन मोटारसायकलींच्या निर्मात्यांनी ‘हेंडी स्पेशल’ नावाचे, विजेचे दिवे आणि विजेचा स्टार्टर असलेले वाहन बाजारात आणले. पण तत्कालीन बॅटरी स्टार्टरचा भार पेलू शकल्या नाहीत व ते वाहन लवकरच मागे घ्यावे लागले. या अपयशातून उद्योगाने घेतलेला धडा दूरगामी ठरला. मोटारसायकलीला बॅटरी दिली गेली ती दिव्यांपुरती; इंजिन सुरू करण्याचे काम पायावरच राहिले. विजेचा स्टार्टर मोटारसायकलीत खऱ्या अर्थाने रुजण्यास पुढे जपानी वाहनांची वाट पाहावी लागली.

ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकात लुकासचा ‘मॅगडायनो’ प्रचारात आला. त्यात मॅग्नेटो आणि डायनॅमो एकाच जोडणीत बसविलेले असत. इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोकडून येई, दिव्यांची वीज डायनॅमो आणि सहा व्होल्टच्या बॅटरीकडून येई. बॅटरी पूर्ण उतरली तरी इंजिन चालत असे. या रचनेत बॅटरीची उपेक्षा चालकाला परवडत होती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

परंतु डायनॅमोमुळे नियंत्रणाचा प्रश्न निर्माण झाला. इंजिनाचा वेग वाढला की डायनॅमोची वीज वाढते. बॅटरीची गरज मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. आरंभीच्या तीन ब्रशांच्या डायनॅमोवर नियंत्रण ढोबळ होते. दिवसा लांबचा प्रवास झाला की बॅटरी प्रमाणाबाहेर भरली जाऊन तिच्यातील पाणी आटे. रात्री शहरात हळू फिरणे झाले की ती उतरे. १९३० च्या दशकात व्होल्टेज नियंत्रित करणारे रेग्युलेटर आले तेव्हा ही स्थिती सुधारली. त्याच पेटीत बसविलेला कट-आउट इंजिन थांबल्यावर बॅटरीतील वीज उलट डायनॅमोकडे वाहू देत नसे. या दोन्ही साधनांतील स्प्रिंग व पॉइंट कालांतराने बिघडतात. म्हणून ‘बॅटरी खराब झाली’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा बॅटरीत नसून रेग्युलेटरमध्ये असते.

बॅटरीचे रसायन समजल्याशिवाय तिच्या देखभालीचे नियम समजत नाहीत. सहा व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे दोन व्होल्टचे तीन कप्पे असतात. वीज खर्च होताना दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. बॅटरी भरताना ही क्रिया उलट होते. म्हणून आम्लाची घनता हायड्रोमीटरने मोजली असता बॅटरीची अवस्था कळते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती समशीतोष्ण प्रदेशात १.२६ ते १.२८ च्या आसपास असते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत अनेक दिवस पडून राहिली तर सल्फेटचे स्फटिक कठीण होतात व पट्ट्या कायमच्या निकामी होतात. न वापरलेली बॅटरीही आतल्या आत उतरत असते. त्यामुळे बंद ठेवलेल्या मोटारसायकलीची बॅटरी साधारण महिन्याने भरून घ्यावी, असा जुना संकेत आहे. ती सावकाश, क्षमतेच्या सुमारे एकदशांश प्रवाहाने, म्हणजे बारा ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीस सव्वा ॲम्पिअरच्या आसपास, भरावी असेही मानले जाते. आटते ते पाणी, आम्ल नव्हे. म्हणून पातळी कमी झाल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावयाचे असते. वरून आम्ल घालण्याची सर्रास होणारी चूक पट्ट्यांचे आयुष्य कमी करते.

अल्टरनेटर : बॅटरीवरील अवलंबित्व

दुसऱ्या महायुद्धानंतर मॅग्नेटो महाग ठरू लागला. १९५३ मध्ये ट्रायम्फच्या ‘स्पीड ट्विन’वर लुकासचा अल्टरनेटर आणि कॉइलची ठिणगी आली. क्रँकशाफ्टवर फिरणारे चुंबक आणि भोवती स्थिर वेटोळी अशी ही सुटसुटीत रचना असल्याने डायनॅमोचे ब्रश व कम्युटेटर यांची झीज संपली. अल्टरनेटरची वीज उलटसुलट दिशेने वाहणारी असल्यामुळे ती बॅटरीसाठी एकदिश करणारा रेक्टिफायर आवश्यक झाला. तो प्रथम सेलेनियमचा व पुढे सिलिकॉनचा होता.

या बदलाचा परिणाम दूरगामी होता. ठिणगी आता बॅटरीवर अवलंबून राहिली. बॅटरी उतरली तर दिवाच जात नसे, इंजिनही सुरू होत नसे. निर्मात्यांना या धोक्याची जाणीव होती, म्हणून किल्लीवर ‘इमर्जन्सी’ अशी वेगळी जागा ठेवण्यात आली. त्या जागी किल्ली नेल्यास अल्टरनेटरची वीज सरळ कॉइलकडे जाऊन इंजिन सुरू होई. चार्जिंगचे नियंत्रणही दिव्याच्या स्विचकडे सोपविलेले होते. दिवा बंद असताना अल्टरनेटरची सर्व वेटोळी कामास लावली जात नसत. मोठा दिवा लावताच ती सर्व जोडली जात. त्यामुळे दिव्याच्या स्विचमधील गंजही बॅटरी न भरण्याचे कारण होऊ शकतो. वायरिंगचा नकाशा न वाचता केलेली दुरुस्ती येथे हमखास फसते. १९६० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटिश निर्माते बारा व्होल्टकडे वळले आणि जादा वीज झेनर डायोडमधून उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकण्याची पद्धत रूढ झाली.

या काळातील बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या मेकॅनिकला ऋण टोक सांगाड्याला जोडण्याची सवय आहे. त्या सवयीने अशा वाहनावर बॅटरी उलटी बसविली गेली तर रेक्टिफायर तत्काळ जळू शकतो. डायनॅमो असलेल्या वाहनात दिशा मुद्दाम बदलावयाची झाल्यास त्याच्या क्षेत्र-वेटोळ्याला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन त्यातील अवशिष्ट चुंबकत्वाची दिशा बदलून घ्यावी लागते. बॅटरी काढताना सांगाड्याचे टोक प्रथम सोडावे व बसविताना ते शेवटी जोडावे, हा नियम मात्र दोन्ही पद्धतींत सारखाच आहे. कारण पाना सांगाड्याला टेकल्यास होणारा स्फुल्लिंगपात त्यामुळे टळतो.

भारतीय संदर्भ

स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे मोटारसायकलींचे उत्पादन भारतात होऊ लागले. १९५५ मध्ये मद्रास येथे एनफील्ड इंडियाची स्थापना झाली. १९६१ मध्ये रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने म्हैसूर येथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटारसायकलींचे उत्पादन सुरू केले. पुढे हीच वाहने ‘येझदी’ या नावाने निघाली व १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. विद्युतभागांचा देशी उद्योगही याच सुमारास उभा राहिला. बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगळूर येथे मायको आणि १९६१ मध्ये मद्रास येथे लुकास-टीव्हीएस या कंपन्या स्थापन झाल्या. युरोपात ज्यांची स्पर्धा चालली त्या दोन परंपरा भारतातील दुरुस्तीच्या दुकानात एकाच फळीवर शेजारी आल्या.

ब्रिटनमधील रॉयल एनफील्डचे उत्पादन १९७० मध्ये थांबले. भारतात मात्र बुलेट चालूच राहिली. मूळ देशात यंत्र संग्रहालयात गेले तरी येथे ते रोजच्या वापरात होते. त्यामुळे त्याच्या देखभालीचे ज्ञानही जिवंत राहिले. या ज्ञानाचे एक उदाहरण विशेष बोलके आहे. जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या घरात ॲमीटर बसविलेला असे. बॅटरी भरते आहे की उतरते आहे हे दाखविणे, हे त्याचे विहित काम. परंतु चालकांनी त्याला आणखी एक काम दिले. किल्ली फिरवून किक हळूहळू दाबत गेले असता, पॉइंट जुळलेले असेपर्यंत काटा एका बाजूस झुकलेला राहतो आणि पॉइंट उघडताच मध्यावर येतो. दट्ट्या दाबाच्या फेरीच्या टोकाजवळ पोहोचल्याची ती खूण. मग डीकॉम्प्रेसर दाबून दट्ट्या किंचित पुढे सरकवावयाचा आणि पूर्ण किक मारावयाची. बॅटरी उतरलेली असेल तर काटा हलत नाही व ही खूणही मिळत नाही. विद्युतव्यवस्थेची देखभाल आणि वाहन चालविण्याचे कौशल्य येथे इतके एकरूप झालेले दिसते की, त्यांना वेगळे करता येत नाही.

जावाचे शास्त्र निराळे होते. तिच्या सहा व्होल्टच्या डायनॅमोत कार्बन ब्रश होते व ठिणगीही बॅटरीवर अवलंबून होती. ब्रश झिजले, कम्युटेटरवर काजळी साचली किंवा रेग्युलेटर बिघडला की प्रथम दिवा मंद होई आणि पुढे इंजिन बंद पडे. याउलट महाराष्ट्रात घरोघरी दिसणाऱ्या, आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील बहुतेक जुन्या स्कूटरींमध्ये दिव्याची वीज फ्लायव्हील मॅग्नेटोकडून थेट येत असे. इंजिन मंद झाले की दिवा मिणमिणे, वेग वाढला की तो उजळे. ही उणीव खरी, पण बॅटरी न सांभाळण्याची मोकळीक हा तिचा मोबदला होता.

भारतीय हवामानाने देखभालीचे युरोपीय नियम जसेच्या तसे राहू दिले नाहीत. उष्णतेने पाणी लवकर आटते, बॅटरी आतल्या आत लवकर उतरते आणि तीव्र आम्ल पट्ट्यांची झीज वाढविते. म्हणून उष्ण प्रदेशात आम्लाची घनता कमी, सुमारे १.२४, ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पावसाळ्यात टर्मिनलवर पांढरट-निळसर क्षार साचतात. ते गरम पाणी व खाण्याचा सोडा यांनी धुऊन, कोरडे करून, वर व्हॅसलिनचा हात देणे हा उपाय सर्वत्र प्रचलित आहे. खाचखळग्यांच्या रस्त्यांवर पट्ट्यांवरील लेप गळून तळाशी गाळ साचतो व कप्पा आतून जोडला जाऊन निकामी होतो. बॅटरीखालचा रबर आणि तिला आवळणारी पट्टी हे क्षुल्लक भाग त्यामुळे महत्त्वाचे ठरतात.

बॅटरीच्या घडणीतील एक बदलही येथे नोंदविला पाहिजे. जुन्या बॅटरीचे खोके कठीण रबराचे असे. वरचा भाग डांबरासारख्या पदार्थाने बंद केलेला असे आणि कप्पे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या बाहेर दिसत. त्यामुळे एकेका कप्प्याची तपासणी व दुरुस्ती शक्य होती. प्लॅस्टिकची, उष्णतेने सांधलेली खोकी आल्यावर ती शक्यता संपली. बॅटरी दुरुस्त करण्याची वस्तू न राहता बदलण्याची वस्तू झाली आणि या दुरुस्तीवर जगणारे एक कौशल्य क्षीण झाले. अर्थात या कौशल्याची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. शिसे विषारी आहे आणि उघड्यावर त्याची हाताळणी करणाऱ्या कारागिरांनी त्याची किंमत आपल्या आरोग्याने चुकविली आहे. २००१ मध्ये बॅटरी हाताळणीचे नियम करण्यात आले व २०२२ मध्ये त्यांची जागा बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. जुन्या बॅटरी अधिकृत पुनर्प्रक्रियेकडेच जाव्यात ही त्यामागील भूमिका योग्यच आहे.

जतन की सोय?

आज जुन्या मोटारसायकलींच्या धारकांपुढे सहा व्होल्टची व्यवस्था राखावी की ती बारा व्होल्टची करावी, हा प्रश्न वारंवार उभा राहतो. बारा व्होल्टच्या बाजूने असलेला युक्तिवाद भक्कम आहे. तीस वॉटच्या दिव्याला सहा व्होल्टवर पाच ॲम्पिअर प्रवाह लागतो. बारा व्होल्टवर अडीच पुरतो. जुन्या तारेत वा गंजलेल्या सांध्यात अर्ध्या व्होल्टची घट झाली तर सहा व्होल्टच्या व्यवस्थेत एकबारांश दाब नाहीसा होतो, बारा व्होल्टच्या व्यवस्थेत एकचोविसांश. सहा व्होल्टचे दिवे व बॅटरी मिळणेही दुर्घट झाले आहे. रस्त्यावरील सुरक्षितता हा प्रश्न तर गंभीर आहे. एप्रिल २०१७ पासून भारतातील नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असताना सतत प्रज्वलित राहतो. अशा वाहतुकीत मिणमिणता दिवा धोक्याचा ठरू शकतो.

तथापि याच हिशोबातून दुसरा निष्कर्षही निघतो. सहा व्होल्टच्या दिव्याच्या मंदपणाचा दोष पुष्कळदा व्होल्टचा नसून सांध्यांचा असतो. रंग खरवडून सांगाड्याला घट्ट बसविलेली अर्थची तार, स्वच्छ टर्मिनल, योग्य जाडीच्या नव्या तारा आणि नीट जुळविलेला रेग्युलेटर एवढे साधले तरी ही व्यवस्था तिच्या निर्मात्यांना अभिप्रेत असलेला प्रकाश देते. याउलट, देखभालमुक्त म्हणून विकली जाणारी बंदिस्त बॅटरी जुन्या डायनॅमोला जोडली आणि रेग्युलेटरकडे दुर्लक्ष केले, तर ती जादा चार्जिंगने अल्पावधीत निकामी होते. तिच्यात पाणी घालण्याचीही सोय नसते. सोय म्हणून केलेला बदलही अशा रीतीने देखभालीचे ज्ञान मागतोच.

कायद्याची भूमिका येथे अपुरी पडते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना विंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. त्यात चॅसी, सांगाडा आणि इंजिन यांत भरीव फेरफार झालेले नसणे अपेक्षित आहे. ही व्याख्या वस्तूकडे पाहते, व्यवहाराकडे नाही. बॅटरीच्या खोक्यावर जुने नाव कोरून आत नवी बॅटरी लपविली की वाहन मूळ स्वरूपात दिसते. परंतु ते कसे सांभाळले जात होते याचा मागमूस त्यात राहत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, मोटारसायकलीतील बॅटरीचे स्थान सरळ रेषेत विकसित झालेले नाही. आरंभी ती होती, मॅग्नेटोने ती घालविली, दिव्यांनी परत आणली आणि कॉइलच्या ठिणगीने तिला अनिवार्य केले. प्रत्येक टप्प्यावर देखभालीचे स्वरूप व तिची जबाबदारी बदलत गेली. आरंभी सर्व काही पाहणारा चालक पुढे मेकॅनिकवर अवलंबून राहिला आणि शेवटी दोघांच्याही हातून बॅटरीची दुरुस्ती निसटली. भारतात ही वाहने दीर्घकाळ वापरात राहिल्यामुळे हे ज्ञान येथे अधिक काळ टिकले, तथापि ते बहुतांशी मौखिक आहे. हायड्रोमीटरची तरंगणारी काडी वाचणारे, रेग्युलेटरच्या स्प्रिंगचा ताण बोटांनी ओळखणारे आणि ॲमीटरच्या काट्यावरून किकची वेळ साधणारे कारागीर व चालक आता वयोवृद्ध झाले आहेत.

महाविद्यालयीन स्तरावरील स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांना येथे प्रत्यक्ष काम उपलब्ध आहे. गावातील ऑटो इलेक्ट्रिशियन आणि बॅटरी चार्जिंगचे दुकानदार यांच्या मुलाखती घेणे, हाताने काढलेले वायरिंगचे नकाशे व दुरुस्तीच्या वह्या जतन करणे, दुरुस्तीची कृती पायरीपायरीने नोंदविणे ही कामे इतिहास आणि पदार्थविज्ञान या विभागांना एकत्रितपणे करता येतील. संग्रहालयातील चकचकीत मोटारसायकल भूतकाळाची साक्ष देते हे खरे; पण तिच्या दिव्यात प्रकाश कसा येत असे, हे सांगणारे ज्ञान त्या काचेच्या कपाटात नाही. ते नोंदवून ठेवले नाही तर यंत्र उरेल आणि त्याचा इतिहास मात्र विझून जाईल.